पाच आठवड्यांचे पिल्लू आताच घरी आणावे का, आणि सहांतून कोणते निवडावे?

प्रश्न : कवडसा

नमस्कार. आमच्या घरात आजवर कुत्रा कधीच नव्हता, त्यामुळे अगदी प्राथमिक शंका विचारत आहे. घरी आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. आम्ही दोघेही नोकरी करतो. मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. सासूबाई दिवसभर घरी असतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण प्राण्यांची त्यांना मनापासून आवड आहे, आणि ‘पिल्लू आणा, मी बघेन’ असे सर्वांत आधी त्याच म्हणाल्या.

ओळखीच्या एका कुटुंबातील कुत्रीला सहा पिल्ले झाली आहेत. आई मध्यम चणीची आणि संकरित आहे; बाप कोण, हे ठाऊक नाही. काल आम्ही पिल्ले पाहायला गेलो, तेव्हा ती पाच आठवड्यांची होती. त्यांतले एक तांबूस पिल्लू दार उघडताच धावत आले, माझ्या बुटाची नाडी दातांत धरून ओढू लागले आणि काही केल्या सोडेना. एक काळे पिल्लू मात्र पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसले आणि आम्ही निघेपर्यंत तिथून हलले नाही. मुलीचा जीव त्या काळ्या पिल्लावर जडला आहे. ‘त्याला कोणीच नेणार नाही’ असे ती कालपासून म्हणत आहे. उरलेली चार आपापसांत खेळत होती, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याकडे आमचे लक्षच गेले नाही.

पिल्ले आता मऊ अन्न खाऊ लागली आहेत, तेव्हा हवे तर याच आठवड्यात घेऊन जा, लहानपणीच नेले तर लळा लवकर लागतो, असे त्या घरच्या बाईंचे म्हणणे आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाचव्या आठवड्यात पिल्लू आणणे योग्य आहे का? धीट पिल्लू घ्यावे की बुजरे? आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घराबाहेर अजिबात काढायचे नाही, हे खरे आहे का?

प्रतिसाद : उंबरठा

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवातून देऊ शकते, म्हणून त्यावरच जास्त लिहिते. कृपया आता आणू नका; पिल्लू पूर्ण आठ आठवड्यांचे होऊ द्या.

आमचा पहिला कुत्रा मी साडेचार आठवड्यांचा असताना घरी आणला. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी मला ‘खातोय, पितोय, न्या’ एवढेच सांगितले आणि मीही त्याहून अधिक काही विचारले नाही. तो खात-पीत होता हे खरेच होते. जे राहून गेले होते ते दोन महिन्यांनी दिसू लागले. तो खेळताना चावायचा, आणि सगळीच पिल्ले चावतात तसे ते चावणे नव्हते. दात कुठे थांबवायचे हेच त्याला माहीत नव्हते. माझ्या उजव्या मनगटावर आजही तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन पांढऱ्या खुणा आहेत. पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळते तेव्हा एकाचा दात जरा जोरात लागला की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. दूध पिताना आईच्या अंगाला दात लागला, तर तीही गुरकावते किंवा सरळ उठून जाते. जोर केला की खेळ संपतो आणि दूधही थांबते, हे पिल्लाला दिवसातून पन्नास वेळा कळते आणि त्यातून जबड्याचा जोर आवरण्याची सवय अंगवळणी पडते. हा धडा मुख्यतः पाचव्या ते आठव्या आठवड्यात गिरवला जातो. म्हणजे तुम्ही नेमक्या धड्याच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला शाळेतून काढणार आहात. माणसाने नंतर ही उणीव भरून काढणे अशक्य नसते, पण मला त्यासाठी दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षात घरी आलेल्या प्रत्येक लहान मुलामागे मी सावलीसारखी उभी राहत असे. तुमच्याकडे नऊ वर्षांची मुलगी आहे, म्हणून हे इतके कळकळीने लिहीत आहे.

लळा लागण्याची चिंता करू नका. कुत्र्याच्या पिल्लाची माणसांशी, आवाजांशी आणि जागांशी ओळख करून घेण्याची वृत्ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत अतिशय तीव्र असते. आठव्या आठवड्यात आणले, तरी त्यातला मोठा भाग तुमच्या हाती उरतो. मधल्या तीन आठवड्यांत तुम्ही त्यांच्याकडे जाऊन जमिनीवर बसू शकता, पिल्लांना हाताचा वास घेऊ देऊ शकता. त्यातून ओळखही होईल आणि कोणते पिल्लू कसे आहे, तेही कळेल.

आता काळे आणि तांबूस. एकदा पाहून पिल्लाचा स्वभाव ठरवू नका. तांबूस कदाचित नुकतेच झोपून उठले असेल आणि काळे खेळून दमले असेल. पुढच्या वेळी वेगळ्या वेळी जा, शक्य झाल्यास दोन्ही पिल्ले एकेकटी पाहा. पिल्लाकडे रोखून न पाहता, थोडे तिरके होऊन जमिनीवर बसा आणि वाट पाहा. मग थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा खाली पडू द्या. दचकतील सगळीच, दचकणे हा दोष नाही. दचकल्यानंतर काय होते, ते पाहायचे. जे पिल्लू अर्ध्या मिनिटात मान पुढे काढून जुडगा हुंगायला येते, ते बुजरे असले तरी सावरणारे आहे. जे कोपऱ्यात अंग चोरून थरथरत राहते आणि भावंडे खेळू लागली तरी बाहेर येत नाही, त्याला अनुभवी घर लागते. तिथे पहिलेपणाच्या उत्साहाचा उपयोग होत नाही, हे मी पुरेशा आदराने सांगते.

आणि पिल्लांपेक्षाही आईला नीट पाहा. ती अनोळखी माणसांशी कशी वागते? आई भेदरट असेल तर पिल्लांनी ते काही अंशी रक्तातून आणि काही अंशी तिच्याकडे पाहून घेतलेले असते.

ज्या चार पिल्लांकडे तुमचे लक्ष गेले नाही, त्यांच्याकडे मात्र पुढच्या खेपेस अवश्य लक्ष द्या. फार पुढे येणारे नाही आणि फार मागे राहणारेही नाही, असे पिल्लू पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला बहुधा सर्वांत सोपे जाते.

प्रतिसाद : पाणवठा

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. वर ‘उंबरठा’ यांनी लिहिलेले योग्यच आहे. त्यात वैद्यकीय बाजूची भर घालतो.

काळे पिल्लू भांड्यामागे बसले होते, ते स्वभावामुळेच असे गृहीत धरू नका. आजारी पिल्लूही असेच बाजूला बसते. पुढच्या भेटीत त्याचे डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून काही वाहते का, हिरड्या गुलाबी आहेत का, शी घट्ट आहे का आणि भावंडांच्या तुलनेत वजन कसे आहे, हे पाहा. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र ढोलासारखे दिसत असेल, तर जंतांची शक्यता मोठी असते. गोल जंत पिल्लाला आईच्या गर्भातूनच मिळतात आणि दुधातूनही जातात, म्हणून जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. या सहा पिल्लांना आणि त्यांच्या आईला ते मिळाले आहे का, हे स्पष्ट विचारा. हे जंत माणसांनाही बाधू शकतात. मुलीला पिल्लाशी खेळून झाल्यावर साबणाने हात धुण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता लसींविषयी. पिल्लाला जन्मानंतर आईच्या पहिल्या दुधातून तयार प्रतिकारद्रव्ये मिळतात. ती त्याचे संरक्षण करतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. हे प्रमाण प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते. कुणात आठव्या आठवड्यात, तर कुणात चौदाव्या आठवड्यातही. नेमके कधी, हे बाहेरून कळत नाही, म्हणून एकच लस देऊन भागत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस देऊन पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत मात्रा द्याव्या लागतात. या लसी ज्यांपासून वाचवतात त्यांतले मुख्य विषाणूजन्य रोग म्हणजे डिस्टेंपर, पार्व्हो (आतड्यांचा जीवघेणा आजार) आणि संसर्गजन्य यकृतदाह. रेबीजची लस बहुधा बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिली जाते. सोळाव्या आठवड्याची मात्रा कंटाळून टाळणारी कुटुंबे मी नेहमी पाहतो, आणि बऱ्याच पिल्लांत खरे काम तीच मात्रा करते.

बाहेर काढण्याविषयी माझे मत असे की, काढावे, पण जमिनीवर सोडू नये. पिल्लू कडेवर घ्या, टोपलीत बसवा आणि त्याला रस्ता, वाहने, छत्री उघडणारी माणसे, काठी टेकत चालणारे आजोबा, धावणारी मुले हे सारे दुरून दाखवा. लस झालेल्या, निरोगी आणि ओळखीच्या कुत्र्यांना भेटू द्या. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये याविषयी आपली भूमिका जाहीर केली होती. पहिली लस आणि जंताचे औषध देऊन किमान सात दिवस झाले की सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लाची जगाशी ओळख सुरू करावी, लसी पूर्ण होण्याची वाट पाहू नये, असे तिचे म्हणणे आहे. कारण सोळाव्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली, तर ओळखीचे दार बरेचसे बंद झालेले असते.

प्रतिसाद : सांजदिवा

डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी पूर्ण आदर ठेवून मी याच्याशी असहमत आहे. आमचे अकरा आठवड्यांचे पिल्लू पार्व्होने गेले. दोन लसी झाल्या होत्या, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शेजारच्या मोकळ्या जागेतील गवतात ते रोज दहा मिनिटे हुंदडायचे. एका सकाळी त्याने अन्नाकडे पाठ फिरवली, दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्तमिश्रित जुलाब होऊ लागले, आणि चौथ्या दिवशी सलाइन चालू असतानाच ते गेले. त्याच्या पुढच्या पायाला सलाइनच्या सुईसाठी केस भादरून एक लहान चौकोन केला होता. तो चौकोन अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ओळख काय, नंतरही करून देता येते. आधी जीव राहिला पाहिजे. माझा सल्ला असा की, सोळा आठवडे उंबरठा ओलांडू देऊ नका.

प्रतिसाद : पाणवठा

सांजदिवा, तुमचे दुःख मी समजू शकतो. अशी पिल्ले मी टेबलावर हाताळली आहेत आणि काही गमावलीही आहेत. तुमच्या लिहिण्यातला ‘गवतात’ हा शब्द सर्वांनी नीट वाचावा, असे मला वाटते. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून तो कुठे गेलेला नाही. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेला हा विषाणू मातीत कित्येक महिने, अनुकूल परिस्थितीत वर्षभरही टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. तिथे कुत्रा दिसत नसला तरी धोका असतो. म्हणून ज्या जागी अनोळखी कुत्रे वावरतात तिथे पिल्लाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, यात माझा आणि तुमचा तिळमात्र मतभेद नाही. बाहेरून आलेल्यांनी चपला-बूट दाराबाहेर काढणे, हेही त्यातच आले.

मतभेद आहे तो घरात कोंडून ठेवण्याविषयी. सोळा आठवडे चार भिंती आणि चार माणसे एवढेच पाहिलेला कुत्रा मोठा झाला की अनेकदा दारावरच्या प्रत्येक माणसावर धावून जातो. माझ्याकडे अशी कुटुंबे ‘याला आता सांभाळणे शक्य नाही’ असे म्हणत येतात. कडेवर नेलेल्या पिल्लाला मातीतला विषाणू लागत नाही आणि जग मात्र दिसते, म्हणून मी तो मार्ग सांगतो. ज्या परिसरात सध्या पार्व्होची लागण सुरू असेल, तिथे आपल्या पशुवैद्याला विचारून याहूनही जपावे.

प्रतिसाद : पायरी

मला सासूबाईंविषयी लिहायचे आहे, कारण त्यांच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. दिवसाचे आठ-नऊ तास पिल्लू त्यांच्याजवळ असणार, म्हणजे ते प्रत्यक्षात त्यांचेच होणार.

आठ आठवड्यांच्या पिल्लाला जागेपणी दर एक-दोन तासांनी शू होते. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, तितक्या तासांपलीकडे ते धरून ठेवू शकत नाही, असा एक ठोकताळा आहे, आणि तोही कमाल मर्यादेचा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे दिवसातून दहा वेळा वाकून करणे कठीण आहे. माझ्या आईला आम्ही बसल्या जागेवरून उघडता येईल असे गुडघ्याएवढ्या उंचीचे जाळीचे कुंपण करून दिले होते. आत एका बाजूला अंथरूण आणि दुसऱ्या बाजूला शूचे कागद. तिला वाकावे लागत नसे आणि पिल्लू पायांत घुटमळतही नसे. पायांत घुटमळणे क्षुल्लक समजू नका. वयस्कर माणूस पडण्याचे ते फार मोठे कारण ठरू शकते.

आणखी एक. गुडघ्यांसाठी त्या वेदनाशामक गोळ्या घेत असतील, तर त्या कायम बंद डब्यात आणि उंचावर ठेवा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करतात. लहान पिल्लाला एखादी पुरते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घातलेला साखरविरहित च्युइंगगम हेदेखील त्याच्यापासून दूर ठेवायचे. मुलीच्या दप्तरात यांतले काहीतरी हमखास सापडते.

पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपते, आणि ते झोपलेले असताना कोणीही हात लावायचा नाही, असा नियम मुलीला आधीच सांगा. संध्याकाळी पिसाळल्यासारखे धावणारे आणि घोट्यांना चावणारे पिल्लू बहुतेक वेळा खोडकर नसते, झोपेला आलेले असते. आमच्याकडे हे कळायला तीन आठवडे लागले. तोवर आम्ही त्याला दमवण्यासाठी आणखी खेळवत होतो आणि ते आणखी चावत होते. एके दिवशी आईने कंटाळून त्याला कुंपणात ठेवले, दिवा मालवला, आणि दोन मिनिटांत ते पोट वर करून झोपले.

प्रतिसाद : कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. सांजदिवा, तुमचे वाचताना मला मध्ये थांबावे लागले. तुम्ही ते इथे लिहिलेत म्हणून आमच्या दाराशी आज चपलांची मांडणी आली आहे.

पिल्लू तीन आठवड्यांनंतरच आणायचे ठरले. आज पुन्हा जाऊन आलो, या वेळी सकाळी गेलो. किल्ल्यांचा जुडगा पडल्यावर तांबूस पिल्लू भुंकत त्याच्यावर चालून गेले. काळे भांड्यामागे पळाले, पण साधारण मिनिटभराने पोटावर सरपटत बाहेर आले, जुडग्याला नाक लावले आणि मग मुलीच्या बुटावर हनुवटी ठेवून बसले. डोळे, नाक, हिरड्या ठीक वाटल्या. पोट मात्र थोडे फुगलेले आहे आणि जंताचे औषध अजून कोणालाच दिलेले नाही. उद्या आम्ही सहाही पिल्लांना आणि आईला पशुवैद्यांकडे घेऊन जाणार आहोत. त्या बाई लगेच तयार झाल्या. पिल्लांची आई शांत आहे, तिने आम्हाला हुंगून शेपूट हलवली. काळे की चौघांतले एक, हे आठव्या आठवड्यातच ठरवू. मुलीने ते मान्य केले आहे, जरा रडून.

एक शेवटची शंका. पहिल्या रात्री पिल्लू रडले, तर उचलायचे की दुर्लक्ष करायचे? घरात दोन्ही मते आहेत.

प्रतिसाद : उंबरठा

मिनिटभराने बाहेर आले, हे वाचून फार बरे वाटले. ते थोडे सावकाश असेल, पण सावरते आहे. पोटाचे मात्र औषधानंतर पुन्हा पाहून घ्या.

पहिल्या रात्री दुर्लक्ष करू नका. ते हट्टाने रडत नसते. आयुष्यात प्रथमच एकटे झोपत असते. त्याची झोपायची पेटी तुमच्या पलंगाला लागून ठेवा, म्हणजे नुसता हात खाली सोडला तरी त्याला तो हुंगता येईल. रडू थांबले नाही तर शूसाठी न्या, न बोलता, दिवा मंद ठेवून, आणि परत पेटीत ठेवा. त्या वेळी खेळायचे नाही. पेटी पुढे रोज थोडी थोडी दूर सरकवता येते.

आणि पुढच्या भेटीला जाताना एक जुना टॉवेल घेऊन जा. तो पिल्लांच्या अंथरुणात राहू द्यायला सांगा, आईच्या अंगाखाली आला तर उत्तमच. ज्या दिवशी पिल्लू आणाल, त्या दिवशी तो टॉवेलही बरोबर आणा, पेटीत त्याच्याखाली घाला आणि पहिला आठवडाभर, कितीही मळला तरी, धुऊ नका.